डोक्यावरचा टोप आणि कानातला वारा

सकाळचे सात वाजतात आणि सुरतेच्या दक्षिणेकडील पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलते. रात्रीचे बारा तास यंत्रमागापाशी काढलेले कामगार बाहेर पडतात आणि पुढच्या बारा तासांसाठी दुसरे आत शिरतात. कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्यांच्या धुराड्यांवर धूर तरंगत असतो, रस्त्यात ताग्यांनी लादलेले टेम्पो उभे असतात, आणि त्यांच्या मधून वाट काढीत मोटारसायकलींचा लोंढा उधना-सचिन रस्त्याकडे धावत असतो. या लोंढ्यात ओडिया व भोजपुरी बोलणारे पुष्कळ. तसेच धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पोटासाठी आलेले, घरी अहिराणी व बाहेर मराठी-गुजराती बोलणारे खानदेशीही पुष्कळ. बहुतेकांजवळ हेल्मेट असते. मात्र ते डोक्यावर असतेच असे नाही. कोणी ते कोपरात अडकविलेले असते, कोणी पेट्रोलच्या टाकीवर मांडलेले असते, कोणी आरशाला टांगलेले असते. आणि चौकात पोलीस दिसला की ते क्षणार्धात आपल्या जागी जाते.

या दृश्याला निष्काळजीपणा असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या स्वारालाच विचारले तर त्याची उत्तरे ठरलेली असतात. डोके तापते, घामाने केस चिंब होतात, कपाळ ठणकते, मान अवघडते, आणि कानांत असा घोंघाट सुरू होतो की मागच्या गाडीचा भोंगासुद्धा कळत नाही. ही उत्तरे सबबी म्हणून उडवून लावण्याची रीत पडली आहे. इतिहास मात्र त्या स्वाराची बाजू थोडीफार घेतो. मोटारसायकलस्वाराच्या शिरस्त्राणाला उणीपुरी शंभराहून अधिक वर्षे झाली. त्यांपैकी पहिल्या चाळीस वर्षांत कवटी कशी वाचवावी हा प्रश्न बराचसा सुटला. ते शिरस्त्राण डोक्यावर सुखाने कसे राहावे हा प्रश्न मागे पडला, आणि कानाची आठवण तर सर्वांत शेवटी झाली.

डोके राखण्याची कल्पना अर्थातच फार जुनी. अफजलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, ही १६५९ सालची हकीकत बखरींतून घरोघर पोचलेली आहे. त्या हकीकतीत एक बारकावा आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. वर मंदील, खाली लोखंड. म्हणजे एक कठीण थर आणि एक मऊ थर. घडीवर घडी घालून बांधलेले पागोटे हेही नुसते शोभेचे वस्त्र नव्हते. सुती कापडाचे ते अनेक पदर तलवारीचा वार पुष्कळ अंशी गिळून टाकीत. कठीणाने आघात अडवावा आणि मऊने तो जिरवावा, या जोडीवरच आजचे प्रत्येक हेल्मेट उभे आहे. आपल्या पूर्वजांनी हेल्मेटचा शोध लावला होता, असा अभिमान मात्र यातून काढण्याचे कारण नाही. घोड्यावरून पडणे वेगळे आणि मोटारसायकलवरून डांबरी रस्त्यावर आपटणे वेगळे.

हा वेगळेपणा प्रथम ओळखला तो इंग्लंडमधील एका वैद्याने. ब्रुकलँड्स येथील शर्यतीच्या मैदानावर डॉ. एरिक गार्डनर हे वैद्यकीय अधिकारी होते. डोक्याला इजा झालेले मोटारसायकलस्वार वारंवार आपल्यापुढे येतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी कॅनव्हासचे थर लाखेने कडक करून एक टोप करविला. ही लाख म्हणजे मुख्यतः आपल्याच जंगलांतील झाडांवर कीटकांनी निर्माण केलेला पदार्थ, ज्याच्या बांगड्या आपल्याकडे होतात. गार्डनर यांच्या दोन अटी होत्या. टोप जबर तडाखा सोसण्याइतका कठीण हवा, आणि कशाला अडकू नये, निसटून जावा इतका गुळगुळीत हवा. १९१४ साली आयल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत हे टोप सक्तीचे झाले. स्वारांनी त्या वेळीही कुरकुर केलीच. सक्ती आणि कुरकुर यांचा जन्म असा एकाच दिवशी झाला म्हणावयास हरकत नाही. पण त्या टोपाचा उपयोग शर्यतीपुरताच राहिला. सामान्य रस्त्यावरून जाणारा माणूस उघड्या डोक्यानेच जात राहिला.

ही स्थिती बदलण्यास एका विख्यात माणसाचा मृत्यू कारण झाला. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावात भाग घेतलेला टी. ई. लॉरेन्स पुढे कीर्तीला कंटाळून, नाव बदलून, साधा शिपाई म्हणून विमानदलात राहिला. १९२७ व १९२८ या वर्षांत तो कराचीच्या छावणीत होता, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत असे; म्हणजे या प्रांताच्या मातीशी त्याचा असा दूरचा संबंध आहे. वेगवान मोटारसायकलींचे त्याला वेड होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातील आपल्या घराजवळ, सायकलींवरून चाललेल्या दोन मुलांना वाचविण्यासाठी त्याने गाडी एकाएकी वळविली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी वारला.

त्याच्या उपचारासाठी ज्या शस्त्रवैद्यांना बोलाविण्यात आले, त्यांत मेंदूच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ ह्यू केर्न्स होते. केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांना लॉरेन्सला वाचविता आले नाही. पण त्या बिछान्यापाशी पडलेला प्रश्न त्यांनी सोडला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले. रात्री दिवे मालवलेल्या रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे मोटारसायकली दामटू लागले आणि माणसे शत्रूच्या गोळीवाचूनच मरू लागली. केर्न्स यांनी आकडे जमविले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक रस्त्यावर मरण पावले होते. यांत डोक्याची इजा हेच प्रधान कारण. केर्न्स यांच्या पाहण्यात आलेल्या जखमींपैकी टोप घातलेले केवळ सात निघाले. आणि त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. १९४१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. सातांच्या संख्येवरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे त्यांच्यासारख्या शास्त्रज्ञास ठाऊक असणारच. तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने कामावरील प्रत्येक मोटारसायकलस्वारास टोप सक्तीचा केला, आणि युद्धानंतर १९४६ साली केर्न्स यांनी पुन्हा लिहिले तेव्हा मृत्यूंची कमान खाली आलेली त्यांना दाखविता आली. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनने तो नियम केला १९७३ साली. केर्न्स १९५२ सालीच निवर्तले होते.

लष्करी टोप रबराचे किंवा दाबून घट्ट केलेल्या लाकडी लगद्याचे असत, आणि आत पट्ट्यांची जाळी असे. आघात जिरविण्याची खरी युक्ती सापडली ती अमेरिकेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लोम्बार्ड आणि त्यांचे सहकारी वैमानिकांच्या टोपांचा अभ्यास करीत होते. १९५३ साली त्यांनी ज्या टोपाचे एकस्व मागितले, त्याच्या कठीण कवचाच्या आत चिरडला जाणारा एक थर होता. चिरडला जाणारा, हे महत्त्वाचे. उशीसारखा मऊ पदार्थ आघातानंतर उसळी मारतो आणि घेतलेला धक्का डोक्याला परत करतो. चिरडणारा पदार्थ मात्र आपण मोडतो आणि धक्का पोटात घालतो. पुढे या कामी थर्मोकोल रूढ झाला. टीव्हीच्या खोक्यात मिळणाऱ्या थर्मोकोलचाच तो दाट भाऊ. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून साजरे दिसले तरी आतून मेलेले असते, असे जे सांगतात, त्याचे कारण हेच.

भारतात स्कूटर आणि मोटारसायकल घराघरांत शिरल्या त्या एकोणीसशे साठनंतर. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजांचा कारखाना उभा राहिला, मुंबईत लँब्रेटा तयार होऊ लागली, मद्रासेस एन्फिल्ड. हेल्मेटचे कारखाने त्यांच्यामागून आले. १९६४ साली दिल्लीत स्टीलबर्ड, आणि १९८२ साली मराठी माणसाला जवळच्या बेळगावात वेगा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने शिरस्त्राण सक्तीचे केले, पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट ठेवली. त्याच साली सर्वोच्च न्यायालयानेही आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीचा नियम घटनेला धरूनच असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ च्या दुरुस्तीने दंड एक हजार रुपये झाला.

कायदा असा पक्का झाला. त्याचे पाय मात्र वारंवार घसरले, आणि जेथे घसरले तेथे बहुधा सोयीच्या प्रश्नावरच घसरले. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती सुरू होताच विरोधकांनी पुणेरी पगड्या घालून निषेध केला. पगडी आणि हेल्मेट यांना समोरासमोर उभे करण्याची ही कल्पना नामी होती, पण पगडीने कोणाची कवटी अलीकडे वाचविल्याचे ऐकिवात नाही. गुजरात शासनाने तर प्रथम दंड हजाराचा पाचशेवर आणला आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये, लोकांच्या गैरसोयीकडे बोट दाखवून, शहरांच्या हद्दीत हेल्मेटची सक्तीच ढिली केली. पुढच्या वर्षाच्या आरंभी प्रकरण न्यायालयांपुढे आले तेव्हा हेल्मेट बंधनकारक असल्याचे शासनास मान्य करावे लागले. सुरतेच्या वाहतूक पोलिसांनी १५ फेब्रुवारी २०२५ पासून मोहीम कडक केली, आणि त्या आठवड्यांत पांडेसऱ्यापासून लिंबायतपर्यंत रस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर हेल्मेटांच्या माळा लागल्या.

त्या माळांतील हेल्मेट कसे निवडावयाचे? स्वस्तात स्वस्त आणि दंड वाचवील असे, हा सर्रास निकष. मराठीत 'टोपी घालणे' या शब्दांचा जो अर्थ आहे तो अशा वेळी अक्षरशः खरा होतो. गिऱ्हाईक टोपी घेतो आणि विक्रेता टोपी घालतो. भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. ४१५१ या मानकाचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास १ जून २०२१ पासून बंदी आहे. शिक्का ही पहिली पायरी. तिच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष २००८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून काढण्यात आला. पण हे आकडे डोक्यावरच्या आणि हनुवटीखाली पट्टा आवळलेल्या हेल्मेटचे आहेत. कोपरातल्या हेल्मेटने फार तर कोपर वाचेल. म्हणून जे हेल्मेट सुखाने घालता येते तेच अधिक सुरक्षित, हे विधान चैनीचे नसून हिशेबाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सूचनेवरून केंद्रीय मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी, ज्यांत दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरही होते, मार्च २०१८ मध्ये आपल्या हवामानास साजेशा हलक्या हेल्मेटांची शिफारस केली, तीही याच जाणिवेतून.

सोयीचा पहिला अर्थ माप. पायताण घेताना जो माणूस दुकानात चार पावले चालून पाहतो, तोच हेल्मेट घेताना ते एकदा डोक्यावर टेकवून लगेच पैसे मोजतो, हे नवल आहे. शिंप्याची फीत भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून फिरवावी. ५८ सेंटिमीटर भरले तर बहुधा मध्यम माप, ६० भरले तर मोठे. पण फीत घेर सांगते, आकार सांगत नाही. काही डोकी समोरून मागे लांबट असतात, काही जवळजवळ गोल. लांबट डोके गोल हेल्मेटमध्ये गेले की कपाळावर एकाच ठिकाणी दाब येतो आणि कानांच्या बाजूला मोकळी जागा राहते. प्रथम तो दाब कळतही नाही. पंधरा मिनिटांनी कळतो. यासाठी हेल्मेट दुकानातच पंधरावीस मिनिटे डोक्यावर ठेवून बसावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावे. काढल्यावर कपाळावर तांबडा वळ दिसला तर ते हेल्मेट, कितीही देखणे असले तरी, दुसऱ्या कोणाचे आहे.

नवे हेल्मेट गालांना किंचित दाबलेच पाहिजे, कारण आतली गादी काही आठवड्यांत बसते आणि जे आज बेताचे वाटते ते पावसाळ्यापर्यंत ढिले होते. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डोके स्थिर ठेवून फिरवावे. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट तिच्यावरून घसरता कामा नये. पट्टा लावून मागच्या कडेला धरून वर ओढावे. ते पुढे निसटून आले तर अपघातातही निसटेल. आतला थर्मोकोल नखाने वा चाकूने कोरून जागा करण्याचा उद्योग काही जण करतात, कोणी कानापाशी फोनचे यंत्र बसविण्यासाठी, कोणी दुखणारी जागा मोकळी करण्यासाठी. लोम्बार्ड यांनी जे शोधून काढले तेच हा माणूस कोरून टाकीत असतो.

येथवरचे सारे अनुभवी माणसे जाणतात. कानाची गोष्ट निराळी आहे आणि पांडेसऱ्याच्या संदर्भात ती अधिक जिव्हाळ्याची आहे.

मोटारसायकलवरचा गोंगाट इंजिनाचा, अशी सर्वसाधारण समजूत. ती शहरातल्या वेगाला बरीचशी खरी आहे. पण ताशी साठपासष्ट किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा आवाज इतर सर्व आवाजांवर मात करू लागतो. हा आवाज वेगाबरोबर नुसता वाढत नाही, झेपावतो. ब्रिटनमधील ध्वनिशास्त्रज्ञांनी आणि कानाच्या शस्त्रवैद्यांनी १९९० च्या दशकात हेल्मेटच्या आत, स्वाराच्या कानाशी, सूक्ष्म ध्वनिग्राहक बसवून मोजणी केली. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास आत १०० डेसिबेलच्या घरातला आवाज भरतो, असे आढळले. आणि हा आवाज हेल्मेटच निर्माण करते! वारा त्याच्या गोल अंगावरून फाटतो, विशेषतः खालच्या कडेशी, हनुवटी आणि मान यांच्या पोकळीत भोवरे घालतो, आणि तो खर्जातला घुमार कवचातून व उघड्या गळ्यातून सरळ आत जातो. उंच पट्टीचे आवाज जाड भिंतीने अडतात. खर्ज सहसा अडत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घेतले म्हणजे शांतता मिळाली, अशी आशा यामुळेच पुष्कळदा फोल ठरते.

मग भोंगा ऐकू येत नाही ही तक्रार खरी काय? वेगात हेल्मेट काढून पाहिले तरी वारा कानांत तेवढाच, किंबहुना अधिक, घोंघावतो, आणि भोंगा त्याच वाऱ्याखाली बुडतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात पन्नास स्वारांना हेल्मेटसह व हेल्मेटविना रस्त्यावर चालवून याची परीक्षा झाली, तेव्हा हेल्मेटमुळे ऐकण्यात म्हणण्यासारखा तोटा होत नसल्याचे दिसले. तक्रार करणाऱ्याचा कान खोटे बोलत नाही. तो गुन्हेगार म्हणून दाखवितो मात्र भलत्याला.

आता १०० डेसिबेल म्हणजे काय, हे पांडेसऱ्यातील मागवाल्यास समजावून सांगण्याची गरज नाही. धोट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबेलचा खडखडाट ही नित्याची गोष्ट. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबेलला ती मुदत निम्मी होते, असा ध्वनितज्ज्ञांचा हिशेब आहे. या हिशेबाने ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. बारा तासांची पाळी या कोष्टकात कोठेच बसत नाही. कामाच्या आवाजाने कान जातात हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्लासगोचे डॉ. थॉमस बार यांनी १८८६ साली बाष्पपात्रे बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा शंभरांत एकाचेही ऐकणे धड निघाले नाही. लँकाशायरच्या विणकर बायका तर गिरणीत ओठांच्या हालचालींवरूनच एकमेकींशी बोलत आणि घरी आल्यावरही तोंडे वेडीवाकडी करून बोलण्याची त्यांची सवय जात नसे. आपल्याकडेही माग चालविणाऱ्याच्या घरी टीव्ही मोठ्याने लागलेला असतो, आणि घरचे लोक त्याला एकदा सांगितलेले पुन्हा सांगतात.

असा कान सकाळी सात वाजता हेल्मेटमध्ये शिरतो. पाळी सुटल्यानंतर काही तास तो बधिर असतो. रात्रभर झोपल्यावर थोडाबहुत उघडतो, आणि पुढे पुढे उघडेनासा होतो. यातून निवडीच्या बाबतीत एक चमत्कारिक फसगत संभवते. कामावरून परतताना दुकानात शिरून हेल्मेट घालून पाहिले आणि घरापर्यंत चालवून पाहिले, तर ते अगदी शांत भासेल. शांतता हेल्मेटची नसते, थकलेल्या कानाची असते. परीक्षा घ्यावयाची तर सुटीच्या दिवशी, झोपून उठल्यावर, आणि मोकळ्या रस्त्यावर.

त्या परीक्षेत पाहावे ते इतकेच. खालचे तोंड मानेभोवती आवळते आहे काय. मानेपाशी गादीची जाड कड आणि हनुवटीखाली कापडी पडदा असला तर घुमार निश्चित कमी होतो. कवच गुळगुळीत हवे. पुढे आलेली पन्हाळ, पंखासारख्या शेपट्या, चिकटविलेली शिंगे ही सारी वाऱ्याची वाद्ये आहेत. गार्डनर यांनी १९१४ साली गुळगुळीतपणा मागितला होता तो अडकू नये म्हणून, पण कानालाही तोच मानवतो. काच मिटल्यावर रबरी कडेतून उजेडाची फट दिसू नये, कारण जेथून उजेड येतो तेथून शीळही येते. झरोक्यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. झरोका म्हणजे गारवा, आणि झरोका म्हणजे आवाज. जर्मनीतील शूबर्थसारखे एखाददुसरे कारखानदार हेल्मेट पवनबोगद्यात तपासून आतल्या आवाजाचा आकडा जाहीर करतात, पण त्यांच्या किमती मागवाल्याच्या पगाराच्या आटोक्याबाहेरच्या आणि त्यांची हवा निराळी. सुरतेच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात, ताशी तीसचाळीस किलोमीटरच्या वेगाने, सिग्नलमागून सिग्नल थांबत जाणाऱ्या माणसाचा मोठा शत्रू उष्मा आहे, वारा नव्हे. त्याने उघडमीट होणारे झरोके आणि काढून धुता येणारे अस्तर आधी पाहावे.

वारा शत्रू होतो तो गावाकडच्या वाटेवर. आखाजीला किंवा एखाद्या लग्नाला पांडेसऱ्यातील खानदेशी मंडळी मोटारसायकलीनेच निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड करीत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ नवापुरापाशी महाराष्ट्रात शिरतो आणि पुढे धुळ्याला जातो. मागे बायको, मध्ये मूल, टाकीवर पिशवी. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट आहे, हे येथे बहुधा विसरले जाते. आणि घरात दोन हेल्मेटे असली तर चांगले कर्त्या पुरुषाचे व जुने, ढिले, भेगाळलेले तिचे, अशी वाटणी होते. अशा तीनचार तासांच्या वाटेवर झरोके मिटावे, गळ्याशी रुमाल गुंडाळून हनुवटीखालची पोकळी बुजवावी, आणि कानांत फोमची बोंडे घालावी. काही रुपयांना मिळणारी ही बोंडे वाऱ्याचा आणि खर्जाचा जोर कितीतरी उतरवितात. भोंगा अजिबात बंद करीत नाहीत, उलट घोंघाट ओसरल्यामुळे तो पुष्कळदा अधिक स्वच्छ कळतो. खरे म्हणजे हीच बोंडे त्या माणसाच्या कानांत मागापाशी बारा तास असावयास हवी होती. रस्त्यावरच्या वाऱ्याने त्याच्या कानाचे जे नुकसान होते ते शेडमधल्या नुकसानाच्या मानाने किरकोळ आहे, आणि हेल्मेटच्या निमित्ताने का होईना, ती बोंडे त्याच्या खिशात आली तर दुसऱ्या दिवशी पाळीलाही ती खिशातच असतील.

नवापूर आले की गाड्या चहासाठी थांबतात. हेल्मेटे उतरतात, खुर्चीवर नाहीतर पिशवीवर ठेवली जातात. मूल आपल्या आईचे हेल्मेट डोक्यावर घालून पाहते आणि ते त्याच्या नाकापर्यंत येते. कोणाच्या कपाळावर वळ उठलेला असतो, कोणी कानात बोट घालून हलवीत असतो. ज्याच्या कपाळावर काही नसते आणि ज्याला चहावाल्याची हाक पहिल्याच वेळी ऐकू येते, त्याला शेजारचे विचारतात, हेल्मेट कोठून घेतले, आणि माप कोणते.